तासाला १२० म्हणतात, मग मला चारच उल्का का दिसल्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही जिंतूरला राहता. गेल्या १३ डिसेंबरला मिथुन उल्कावर्षाव, म्हणजे जेमिनिड्स, बघायला रात्री साडेआठ ते साडेनऊ गच्चीवर बसलात. बातमीत तासाला १२० उल्का दिसतील असं लिहिलं होतं, तुम्हाला चार दिसल्या. दोन्ही मुलं कंटाळून खाली निघून गेली. आता तुम्ही विचारता की चुकलं कुठे, दुर्बीण घ्यावी का, की असलं काही बघायला लडाखलाच जावं लागतं?

मी अंबाजोगाईजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि वीस-बावीस वर्षांपासून दर हिवाळ्यात उल्का मोजते. तुमचा प्रश्न वाचल्यावर मी आधी कागद घेऊन आकडेमोड केली. उत्तर आलं साधारण चार. म्हणजे तुमचं निरीक्षण अगदी चोख आहे. त्या वेळेला, त्या गच्चीवरून चारच दिसायच्या होत्या.

हे कसं, ते नीट सांगते, कारण सगळं यातच आहे. बातमीतला १२० हा आकडा एका आदर्श परिस्थितीसाठी काढलेला असतो. त्यात तीन गोष्टी धरलेल्या असतात. उल्का आकाशातल्या ज्या बिंदूतून आल्यासारख्या वाटतात तो उद्गमबिंदू बरोबर डोक्यावर आहे. आकाश इतकं काळं आहे, की साडेसहा प्रतीचा अंधुक तारासुद्धा नुसत्या डोळ्यांनी दिसतो (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक). आणि बघणारा एकच माणूस आहे, तोही तासभर नजर न काढता बघतोय. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्याचं मला आजवर कधी अनुभवाला आलेलं नाही.

आता तुमची रात्र घेऊ. मिथुन राशीतला हा उद्गमबिंदू पुनर्वसूच्या कॅस्टर या ताऱ्याजवळ आहे. आपल्याकडे डिसेंबरच्या मध्यात साडेआठ वाजता तो पूर्व क्षितिजापासून जेमतेम १२ अंश वर असतो, साडेनऊला २४ अंशांच्या आसपास. उद्गमबिंदू खाली असला की उल्कांचे कण वातावरणात तिरपे येतात आणि तेवढेच कण जास्त मोठ्या पट्ट्यावर पसरतात. तुमच्या तासाची सरासरी धरली तर १२० चे उरतात ३७. आता गच्ची. गल्लीत एलईडीचे दिवे असले की चौथ्या प्रतीच्या पलीकडचे तारे पुसले जातात. उल्कांचं असं आहे, की मोठ्या, तेजस्वी उल्का थोड्या आणि अंधुक उल्का खूप. जेमिनिड्समध्ये एकेक प्रत खाली उतरलं, की संख्या साधारण अडीच पट होते. तुम्ही गच्चीवर अडीच प्रती गमावल्या. अडीचने अडीच वेळा भागल्यासारखं हे आहे, म्हणजे जवळजवळ दहाचा भागाकार. ३७ भागिले १०. झाल्या चार.

हेच गणित दुसरीकडे लावून बघा. तीच तारीख, पण रात्री दोनची वेळ, जिंतूरपासून लांब येलदरी धरणाच्या बाजूचं एखादं शेत. दोनच्या सुमारास मिथुन आपल्या डोक्याजवळ, ७६ अंशांवर चढलेली असते, त्यामुळे तिरपेपणामुळे फारसं काही कमी होत नाही. आकाश साडेपाच प्रतीचं मिळालं तर ४५, सहा प्रतीचं मिळालं तर ७० च्या आसपास. घरापासून तासाभराच्या आत चाराच्या जागी पन्नास-साठ. लडाखला जायची गरज नाही.

अर्थात यातलं बरंचसं परिस्थितीवर आहे. धुकं पडलं, ऊसतोडीनंतर कोणी पाचट पेटवलं, जवळच्या साखर कारखान्याचा गळीत हंगाम जोरात असला, तर सहा प्रतीचं आकाश चार प्रतीवर यायला वेळ लागत नाही. म्हणून जागा ठरवताना मी कृत्तिकांवर भरवसा ठेवते. डोळे अंधाराला सरावले की तो झुमका बघायचा आणि सुटे तारे मोजायचे. सहा स्वच्छ मोजता आले तर बसायला हरकत नाही. सातवा-आठवा दिसला तर ती जागा जपून ठेवा. तीन-चार ठिपक्यांचा धूसर पुंजका दिसत असेल तर तिथे रात्र घालवू नका. ही परीक्षा वर्षावाच्या रात्री नव्हे, आठ-पंधरा दिवस आधी करून ठेवायची.

चंद्राचंही तसंच. त्यासाठी कुठलं ॲप लागत नाही, भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, बहुतेक नऊच्या आगेमागे. तिथून पुढे रोज चंद्र पाऊण-एक तास उशिरा उगवतो, वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास. उलट शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्री मावळतो, त्यामुळे शुद्ध पक्षातल्या पहिल्या आठवड्यात पहाट मोकळी मिळते. २०२४ साली दत्तजयंती १४ डिसेंबरला होती, म्हणजे जेमिनिड्सच्या भर रात्री पौर्णिमेचा चंद्र. शेतात ज्वारीचं पान अन् पान दिसत होतं आणि सगळ्या अंधुक उल्का चांदण्यात विरून गेल्या. २०२६ साली अमावस्या ९ डिसेंबरच्या सकाळी संपते. १३ आणि १४ च्या रात्री, चंपाषष्ठीच्या आसपास, चंद्रकोर रात्री दहाच्या सुमारास मावळेल आणि पुढे पहाटेपर्यंत अंधारच अंधार. तुमच्यासाठी यापेक्षा चांगली रात्र सांगता येणार नाही.

आता दुर्बीण. घेऊ नका, निदान उल्कांसाठी तरी. दुर्बिणीतून आकाशाचा नखाएवढा तुकडा दिसतो आणि उल्का कुठे उमटेल हे आधी कळत नाही. बहुतेक उल्का शंभर किलोमीटरच्या आसपासच्या उंचीवर अर्ध्या-एक सेकंदात संपतात, डोळा दुर्बिणीला लावेपर्यंत काही उरत नाही. इथे डोळाच सगळ्यात चांगलं उपकरण, कारण तो एका वेळी अर्ध्याअधिक आकाशावर लक्ष ठेवतो. दुर्बिणीचे पैसे चांगल्या घोंगडीत आणि थर्मासमध्ये घाला. थट्टा करत नाही. परभणीकडची डिसेंबरातली पहाट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि थंडीने कुडकुडणारा माणूस अर्ध्या तासात उठतो.

बघायचं कुठे, हेही अनेक जण उलटं करतात. उद्गमबिंदूकडे टक लावून बसतात. सरळ रेषेत पेरलेल्या कापसाच्या सऱ्या लांबच्या बांधाकडे बघताना एका ठिकाणी मिळाल्यासारख्या वाटतात, तसा हा बिंदू नजरेचा खेळ आहे. कण सगळे समांतर येत असतात. बिंदूजवळच्या उल्का आपल्याकडे नेम धरून येत असल्यासारख्या आखूड दिसतात, ठिपक्याएवढ्या. लांब, डोळे भरून बघावी अशी रेघ त्या बिंदूपासून चाळीस-पन्नास अंश दूर उमटते. त्यामुळे मिथुन डोक्यावर असली की आकाशाची जी बाजू सगळ्यात काळी आहे तिकडे, क्षितिजापासून अर्ध्या उंचीवर नजर ठेवायची. नजर ठेवायची म्हणजे रोखायची नाही, सैल सोडायची. डोळ्याच्या कडेला अंधारात जास्त दिसतं, बऱ्याच उल्का तिथेच पकडल्या जातात.

ही सैल नजर मी माझ्या सासूबाईंकडून शिकले. पहिल्या वर्षी मी शेतात बाज टाकून आडवी झाले तेव्हा त्या गोधडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या थंडीत काय बघायलीस गं? तुटता तारा बघू नये." त्यांच्या माहेरी तारा तुटताना दिसला की कोणीतरी गेलं असं समजत आणि नजर वळवत. मी वाद घातला नाही. म्हटलं, आई, हे तारे नाहीत, वाळूच्या खड्याएवढे कण आहेत, तारा आहे तिथेच असतो. बघा, पुनर्वसूचे दोन्ही तारे जागेवर आहेत का. त्यांनी बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं. मग त्या बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या त्या चार वाजेपर्यंत.

मोजण्याची रीतही त्यांचीच. अंधारात वही-पेन जमत नाही. दहिवराने कागद ओला होतो, आणि लिहायला उजेड केला की डोळे गेले. त्यांनी पदरात मूठभर ज्वारी बांधली होती. उल्का दिसली की एक दाणा पितळी तांब्यात. बारीकसा टिक्‌ आवाज यायचा. मोठी, सावली पडेल अशी उल्का दिसली तर हरभऱ्याचा दाणा, त्याचा आवाज वेगळा. तासाने तांब्या घरात नेऊन ताटात ओतायचा आणि दाणे मोजून वहीत लिहायचे. आम्ही दोघी वेगवेगळे तांबे ठेवायचो. त्यांचा आकडा नेहमी माझ्यापेक्षा दोन-चारने जास्त भरायचा, कारण मी एखाद्या ताऱ्यावर अडकायचे आणि त्या सगळ्या आभाळाकडे बघत बसायच्या. आता त्या नाहीत. तांब्या अजून तोच आहे.

दोन तांबे वेगळे ठेवण्यामागे कारणही आहे. एकीला दिसलेली उल्का दुसरीलाही दिसलेली असते, त्यामुळे दोघींच्या आकड्यांची बेरीज करायची नाही. पाच मित्र मिळून बसतात, प्रत्येक ओरड मोजतात आणि तासाला दोनशे दिसल्या म्हणतात, ते यामुळेच. तासदर एका माणसाचा असतो.

डोळ्यांबद्दल एकच नियम सांगते आणि तो मोडू नका. अंधारात गेल्यावर डोळे पूर्ण उघडायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोनचा पडदा एकदा चमकला की ती सगळी मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे डिसेंबर म्हणजे हुरड्याचे दिवस. आगटीभोवती बसून, मध्येमध्ये वर बघत उल्का बघायचा बेत दर वर्षी कोणीतरी आखतं. हुरडा आधी खाऊन घ्या, आगटी विझवा, मग अर्धा तास थांबून बघायला लागा. बॅटरीला लाल जिलेटिन कागद दुहेरी करून रबराने लावा, लाल उजेडाने डोळे फारसे बिघडत नाहीत. एखादा दिवा हलवता येत नसेल तर आपण हलायचं: कडब्याच्या गंजीच्या किंवा गोठ्याच्या भिंतीच्या सावलीत बाज टाकली, की दिवा आपोआप झाकला जातो.

मुलांसाठी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. उल्का घड्याळाप्रमाणे मिनिटाला एक अशा येत नाहीत. दहा मिनिटं काहीच नाही, मग एका मिनिटात तीन, मग पुन्हा शांत. तासाला पन्नास असतानाही असं होतं. संध्याकाळी त्यांना झोपवा, एक वाजता उठवा आणि गोधडीसकट बाजेवर घाला. जागरण करून आठ वाजल्यापासून बसवलेलं मूल नेमकं मिथुन डोक्यावर आली की झोपलेलं असतं.

शेतात जाणार असाल तर दोन गोष्टी अनुभवाने सांगते. जमिनीवर पथारी टाकू नका, बाजेवरच झोपा. मण्यार रात्री फिरते आणि बहुतेक वेळा खाली झोपलेल्या माणसाला चावते. पायात बूट आणि चालताना बॅटरी, ती पांढरी असली तरी चालेल, डोळे पुन्हा सरावतील. दुसरं, शेतमालकाला आणि पोलीस पाटलांना दिवस असतानाच सांगून ठेवा. एका वर्षी आम्ही तीन शिक्षिका दुसऱ्या गावाच्या माळावर लाल बॅटऱ्या घेऊन बसलो होतो. पाऊण तासात दहा-बारा माणसं काठ्या घेऊन आली, गावात चोर शिरल्याची आवई उठली होती. त्यांचं काही चुकलं नव्हतं. समजल्यावर त्यांच्यातले चौघे आमच्याबरोबर पहाटेपर्यंत थांबले, पण दोन वाजताचा सगळ्यात चांगला तास समजूत काढण्यात गेला. आणि धरणाच्या भिंतीवर बसू नका, रखवालदार उठवतात आणि दिवेही तिथेच जास्त असतात.

बाकी वर्षावांबद्दलही विचारलं आहे, म्हणून सांगते. आपल्यासाठी जेमिनिड्सच सगळ्यात भरवशाचे. त्यांचा उगम फेथॉन नावाच्या खडकाळ लघुग्रहापासून आहे. तो १९८३ साली उपग्रहाच्या नोंदीतून सापडला, बाकीच्या बहुतेक वर्षावांमागे धूमकेतू असतात. हे कण सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने येतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण उल्कांमध्ये ही चाल मध्यमच, म्हणून त्या नजरेला सापडतात. ऑगस्टमधले ययाती उल्कावर्षाव, पर्सिड्स, नावाजलेले आहेत. स्विफ्ट-टटल धूमकेतूची धूळ, वेग सेकंदाला ५९ किलोमीटर, मागे रेंगाळणारी झगझगीत रेघ. पण ते आपल्या पावसाळ्यात येतात, आणि उद्गमबिंदू उत्तरेला असल्याने पहाटे चारपर्यंत कसाबसा ४५ अंशांवर चढतो. २०२६ साली १२ ऑगस्टला दीप अमावस्या आहे, चंद्राची अडचण नाही. ढग फाटले तर १२ आणि १३ च्या पहाटे तीननंतर जरूर उठा. त्यासाठी गाडी काढून लांब जाऊ नका, घराबाहेर येऊन बघा. पावसाने धुतलेल्या आकाशात दोन ढगांमधून दिसलेली एक पर्सिड हिवाळ्यातल्या दहांच्या तोडीची असते.

नोव्हेंबरच्या १७-१८ च्या सिंह वर्षावाबद्दल जुन्या कथा ऐकून लोक दर वर्षी बसतात. १८३३ आणि १९६६ साली अमेरिकेत त्याची खरी वादळं झाली, पण त्यामागचा टेंपल-टटल धूमकेतू ३३ वर्षांनी एकदा जवळ येतो. मधल्या वर्षांत तासाला दहा-पंधराच्या वर अपेक्षा ठेवू नका. त्यापेक्षा मे महिन्याच्या ५-६ तारखेचा कुंभेतला वर्षाव घ्या. तो हॅलेच्या धूमकेतूची धूळ आहे आणि युरोपपेक्षा आपल्याकडून चांगला दिसतो. पहाटे तीन ते साडेचार, उन्हाळ्यात नाहीतरी आपण माळवदावर किंवा अंगणात झोपलेलोच असतो.

तुमच्या चौथ्या उल्केबद्दल तुम्ही लिहिलंय की ती "हळू गेली आणि पंधरा-वीस सेकंद दिसत राहिली". ती उल्का नसावी. एका तालात, न लुकलुकता सरकणारा ठिपका म्हणजे बहुधा कृत्रिम उपग्रह. लुकलुकत गेला तर विमान. आणि तुकडे होत, आगीच्या माळेसारखं सावकाश जाणारं काही दिसलं तर ते अवकाशातून परत येणारं रॉकेटचं अवशेष असू शकतं. २०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलच्या संध्याकाळी, महाराष्ट्रात हजारो लोकांनी तेच बघितलं आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ धातूची मोठी कडी पडलेली सापडली. तेव्हा तुमच्या हिशेबात उल्का तीन धरू. गणिताने पावणेचार सांगितल्या होत्या, तेही जुळतंच.

फोटोचं थोडक्यात: तिपाई, रुंद लेन्स, पंधरा-वीस सेकंदांचं एक्स्पोजर, आयएसओ १६०० ते ३२००, आणि कॅमेरा आपोआप एकामागून एक फोटो काढत राहील असं लावून सोडून द्या. दर वीस मिनिटांनी लेन्सवरचं दव बघा. पहिल्या वर्षी मात्र कॅमेरा नेऊ नका. त्याच्याशी खटपट करण्यात डोळे आणि रात्र दोन्ही जातात.

नोंद ठेवणार असाल, आणि ठेवाच, तर एवढं लिहा: सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मध्ये उठलात ती मिनिटं वजा करून, कृत्तिकांत किती तारे मोजता आले, ढगांनी किती आकाश झाकलं होतं, मिथुनेकडून आलेल्या किती आणि भलतीकडून आलेल्या किती. उल्केची रेघ मनात मागे ओढायची, ती पुनर्वसूजवळ पोचली तर ती जेमिनिड. अशी नोंद घरगुती वहीतली असली तरी इंटरनॅशनल मिटिऑर ऑर्गनायझेशन जगभरातून ती स्वीकारते, आणि आपल्या अक्षांशावरून, त्यातही मराठवाड्यातून, फार कमी नोंदी जातात.

तर नोव्हेंबरात, दिवाळीच्या अमावस्येला, येलदरीच्या बाजूला एक चक्कर मारून या. फटाक्यांचा धूर निवळल्यावर, रात्री अकराच्या पुढे. कृत्तिका डोक्यावर असतील. तुमच्या ओळखीच्या शेतातून सहा तारे सुटे मोजता येतात का ते बघा आणि मला कळवा, साडेपाच प्रत की सहा हे ठरवून १४ डिसेंबरच्या रात्रीचा तुमचा आकडा मी तासातासाने काढून देते. मुलांसाठी दोन तांबे वेगळे काढून ठेवा.